फिल्डर बेसवर आडवी, अन् आऊट आमचीच पोट्टी? (सॉफ्टबॉल, ऑब्स्ट्रक्शनचा म्हणजे फिल्डरनं रनरची वाट अडवण्याचा नियम)

वावरातला_मास्तर · सोमवार, रात्री ९.२०

मंडळी, नमस्कार. दारव्ह्याकडच्या एका खेड्यात मी शाळेत खेळ शिकवतो. शाळा, स्पर्धा, पंच, कोणाचंच नाव लिहीत नाही. भांडण नाही करायचं, नियम समजून घ्यायचा आहे. (पोटात राग आहे, हेही खरं.)

मागच्या आठवड्यात आमच्या मुलींची सॉफ्टबॉलची मॅच होती. सहावी इनिंग, आम्ही एका रननं मागं, दोन आऊट. बॅटिंगला आमची सगळ्यात चपळ पोट्टी. तिनं राइट आणि सेंटर फिल्डच्या मधातून चेंडू काढला. काळ्या मातीचं मैदान, वरून चार दिवस उघाड, जमीन टणक झालेली, चेंडू घरंगळतच गेला. ही पहिल्या बेसवरून वळली, तर त्यांची फर्स्ट बेसवाली बेसच्या आतल्या कोपऱ्याला दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी, चेंडू कुठवर गेला ते पाहत. आमची पोट्टी तिच्या खांद्यावर आदळली, झोकांडी गेली, सावरली, पळाली. दुसरी बेस केली, तिसरीकडं निघाली आणि तिथं पाऊलभरानं टॅग, म्हणजे चेंडू हातात धरून शिवलं. आऊट.

मी धावत गेलो. म्हटलं, सर, फिल्डर आडवी होती. ते म्हणाले, "पाहिलं मी. आऊट आहे."

आता पाहिलं आहे, तर आऊट कसं? आमच्याकडं नियमांचा एक झेरॉक्स कागद आहे, त्यात लिहिलंय की अडथळा केल्यास धावपटूस पुढील बेस देण्यात येईल. मग तिसरी बेस आमची की नाही? मॅच ५-४ नं गेली. पोट्टी रोज विचारते, सर, मी तं सरळच धावली ना? तिला काय सांगू?

पाटीवरचा_गडी · सोमवार, रात्री ९.५५

मास्तर, त्या फर्स्ट बेसवालीले दोष नका देऊ. आपल्या इकडच्या लेकराइच्या हाडातच हाय ते. आम्ही सारी उमर आट्यापाट्या खेळलो. त्या खेळात अडवणं हाच धंदा. पाटीवर पाय रोवायचा अन् गडी आला का आडवं व्हायचं. पाटी सोडून "या बाप्पा, जा" म्हटलं तं घरचे जेऊ घालत नव्हते. कबड्डीत तं धरूनच ठेवा लागते. मंग त्याच पोट्ट्याइले तुम्ही एक दिवस बेसवर उभं करता अन् म्हणता, समोरचा आला का बाजूले सरक. काऊन सरकंन ते?

बाकी नियमाचं मले समजत नाई. जाणते सांगतीन.

पंच_काका · सोमवार, रात्री १०.३०

मास्तर, आधी एक सांगा. धक्का लागला तेव्हा त्या अंपायरचा डावा हात कुठं होता?

वावरातला_मास्तर · सोमवार, रात्री १०.४१

बाहेर. खांद्याच्या रेषेत आडवा, मूठ बंद. बराच वेळ तसाच होता. डगआउटमधल्या पोट्ट्या हसत होत्या, म्हणे सर एसटीला हात दाखवून राहिले.

पंच_काका · सोमवार, रात्री ११.१५

मग तुमच्या अंपायरनं ऑब्स्ट्रक्शन दिलं होतं. एसटीला दाखवलेला तो हातच ऑब्स्ट्रक्शनची खूण. तिला डिलेड डेड बॉल म्हणतात. म्हणजे चूक मी पाहिली, खेळ चालू द्या, हिशेब मागून करतो. शिट्टी नाही, थांबवणं नाही. खेळाडूंना वाटतं पंचानं काहीच केलं नाही, आणि तिथूनच सगळी भांडणं सुरू होतात.

अमरावती भागात बरीच वर्षं मैदानावर उभा राहतोय. जरा सविस्तर लिहितो, कारण या नियमावर मी सर्वांत जास्त शिव्या खाल्ल्या आहेत.

ऑब्स्ट्रक्शन कधी? फिल्डरच्या हातात चेंडू नाही, ती मारलेला चेंडू अडवायच्या प्रयत्नातही नाही, आणि तरी तिच्यामुळं रनरची धाव अडते. एवढंच. अंगाला अंग लागलंच पाहिजे असं नाही. रनरला वळसा घ्यावा लागला, पाऊल आखडावं लागलं, तरी पुरे. फिल्डरच्या मनात काय होतं हेही विचारात घेत नाहीत. तुमची कमरेवर हात ठेवलेली पोरगी बिचारी चेंडू पाहत होती, तिला अडवायचंही नव्हतं. तरी ऑब्स्ट्रक्शनच.

पूर्वी एक सवलत होती, फेकलेला चेंडू आता हातात येणारच आहे, अशा स्थितीत फिल्डर वाटेत उभी राहू शकत होती. ती काढली. आता चेंडू हातात असला तरच रस्ता अडवा. आपल्याकडचे काही जुने कोच अजून "चेंडू येतच होता ना" म्हणून भांडतात. येत होता, आला नव्हता.

आता तुमचा प्रश्न. अडवल्यावर रनरला काय मिळतं? "पुढील बेस" मिळत नाही. अडवलं नसतं तर ती जिथवर पोचली असती, ती बेस मिळते. ती कोणती, हे अंपायर ठरवतो. तिथपर्यंत ती सुरक्षित. तिच्या अलीकडं टॅग झालं तर खेळ थांबवून तिला ती बेस देतात. त्याशिवाय, ज्या दोन बेसच्या मधात अडवलं त्याच दोन बेसच्या मधात तिला आऊट देता येत नाही. फार तर मागं पाठवतील. तुमची पोरगी पहिलीवरून वळताना अडली, म्हणजे पहिली ते दुसरी हा तिचा टापू. त्या टापूत कोणी टॅग केलं असतं तर आऊट नव्हतं. पण ती दुसरी ओलांडून तिसरीकडं गेली. अंपायरनं मनात तिला दुसरीपर्यंतच धरलं असेल, तर पुढची धाव तिच्या स्वतःच्या हिमतीवर. आऊट झाली तर झाली.

"पाहिलं मी, आऊट आहे" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात ती अशी. त्यांनी समजावून सांगायला हवं होतं, हे मात्र मान्य. आमच्या लोकांना बोलायचा कंटाळा.

रात्रीचा_प्रेक्षक · मंगळवार, सकाळी ७.०५

मी बेसबॉल पाहतो, म्हणून मधेच तोंड घालतो. अमेरिकेच्या वर्ल्ड सिरीजमध्ये अख्खी मॅच ऑब्स्ट्रक्शनवर संपली आहे. २६ ऑक्टोबर २०१३, सेंट लुईस कार्डिनल्स विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स, तिसरी मॅच. नववी इनिंग, ४-४. बॉस्टनच्या कॅचरनं तिसऱ्या बेसकडं चेंडू फेकला, तो चुकला. तिथला फिल्डर विल मिडलब्रुक्स झेपावून आडवा पडलेला. चेंडू त्याच्या मागं निघून गेला, आणि कार्डिनल्सचा ॲलन क्रेग उठून घराकडं, म्हणजे होम प्लेटकडं, पळताना त्याच्यावरच अडखळून पडला. लंगडत पळाला, होम प्लेटवर टॅगही झाला. पण तिसऱ्या बेसचा पंच जिम जॉइस यानं आधीच ऑब्स्ट्रक्शन दाखवलं होतं. रन दिली, ५-४, मॅच खलास. मिडलब्रुक्स मुद्दाम पडला नव्हता, चेंडूसाठीच पडला होता. तरी दिली.

त्यामुळं मास्तरांचा कागद बरोबर वाटतो. एक बेस मिळतेच ना?

पंच_काका · मंगळवार, सकाळी ८.३०

मॅच बरोबर सांगितली, निष्कर्ष नाही. क्रेगला रन मिळाली ती "एक बेस फुकट" म्हणून नाही. तो पडला नसता तर घरी पोचला असता, हे पंचांनी ठरवलं म्हणून.

बेसबॉलमध्ये दोन प्रकार आहेत. ज्या रनरला आऊट करायचा प्रयत्न त्याच क्षणी चालू आहे त्यालाच अडवलं, तर खेळ लगेच थांबतो आणि शेवटी शिवलेल्या बेसच्या पुढची किमान एक बेस मिळते. तसं नसेल, तर खेळ संपल्यावर हिशेब. मास्तरांचा झेरॉक्स त्यातल्या पहिल्या प्रकारावरून उतरवलेला दिसतोय. सॉफ्टबॉलमध्ये ही किमान एक बेसची हमी नाही. अडवलेली रनर जिथून निघाली तिथंच परत जाते, असंही होतं. तो कागद फाडून टाका.

कापूसकोंड्या · मंगळवार, सकाळी ९.१०

एवढं डोकं लावून काय होणार? गावात सॉफ्टबॉल कोण पाहतं? ग्रेस मार्काचं सर्टिफिकेट मिळालं की बॅट माळ्यावर.

शॉर्टस्टॉप_ताई · मंगळवार, दुपारी १.४०

कापूसकोंड्या, तुमची गोष्ट तुम्हालाच सांगत बसा. मी चांदूर बाजारकडची, विद्यापीठापर्यंत खेळले, बॅट अजून माळ्यावर गेलेली नाही. माझ्या घरात क्रिकेटचं वेड होतं, तरी मला सॉफ्टबॉलमुळं पहिल्यांदा एकटीनं बाहेरगावी जायला मिळालं. त्या सर्टिफिकेटला नावं ठेवू नका.

आता मास्तरांसाठी. पंचकाकांनी नियम सांगितला, मी मैदानावरची लबाडी सांगते, कारण मीही केली आहे.

अडवणं नेहमी आडवं उभं राहून होत नाही. दुसऱ्या बेसवर आम्ही खोटा टॅग करायचो. चेंडू अजून सेंटर फिल्डलाच, पण रनर येताना दिसली की ग्लव्ह असा जमिनीकडं नेऊन धरायचा की तिला वाटावं चेंडू आला. ती घाबरून घसरायची, गुडघा सोलवटायचा, आणि तिसरीची बेस हातची जायची. आम्ही खिदळायचो. एकदा एका पंचानं तोच डावा हात बाहेर काढला आणि त्या पोरीला तिसरी दिली, तेव्हा कळलं की खोटा टॅगही ऑब्स्ट्रक्शनच आहे. नंतर त्या पोरीचा गुडघा पाहिला. तेव्हापासून बंद केलं.

दुसरं, आकडे पाहा. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट, आपल्याकडं ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. चपळ पोरगी ते तीन-सव्वातीन सेकंदांत कापते. त्यात दोन पावलं गेली की थ्रो तिला गाठतोच. सॉफ्टबॉलमध्ये एवढ्याशा धक्क्याचं एवढं मोठं होतं ते त्यामुळं.

म्हणून पहिल्या बेसला दुहेरी बेस असते. पांढरी अर्धी फेअरमध्ये (रेषेच्या आत), नारिंगी अर्धी फाउलमध्ये (रेषेबाहेर). पहिलीवरच आऊट करायचा खेळ असेल तर पळणारीनं नारिंगीवर पाय द्यायचा, फिल्डरनं पांढरीवर. पण दुसरीकडं वळायचं असेल तर रनर पांढरीच्या आतल्या कोपऱ्यावरूनच वळते, आणि तिथंच ती कमरेवर हातवाली उभी होती. तुमच्या मैदानावर दुहेरी बेस होती का?

वावरातला_मास्तर · मंगळवार, दुपारी ३.००

कुठली दुहेरी, ताई. पोत्यात वाळू भरून शिवलेल्या बेस. फक्की मारली होती, तीही दुपारपर्यंत अर्धी उडाली.

पंचकाका, एक विचारतो. ती तिसरीवर पाऊलभरानं आऊट झाली आणि धक्क्यात दोन पावलं गेली. मग धक्का नसता तर पोचली असती, असं सरळ गणित नाही का?

पंच_काका · मंगळवार, सायंकाळी ६.२०

गणित सरळ आहे, आणि तुमची बाजू तिथं भक्कम आहे. अंपायरनं हाच हिशेब करायला हवा. मी त्या जागी असतो आणि दोन पावलं धक्क्यातच गेली असं मला दिसलं असतं, तर तिसरी दिली असती. पण मी तिथं नव्हतो. हा निर्णयाचा भाग आहे, आणि निर्णयावर प्रोटेस्ट चालत नाही. नियमच चुकीचा लावला, तर चालतो, तोही पुढचा चेंडू टाकायच्या आत. "सॉफ्टबॉलमध्ये ऑब्स्ट्रक्शन नसतंच" असं कोणी म्हणालं, तर प्रोटेस्ट. "मी तिला दुसरीपर्यंत धरलं होतं" म्हणाले, तर गप्प बसायचं.

पुढच्या वेळी धावत जाऊन "फिल्डर आडवी होती" म्हणू नका, ते त्यांनी पाहिलेलं असतं. टाइम मागा, चालत जा आणि एवढंच विचारा, "सर, कुठल्या बेसपर्यंत धरलं होतं?" या प्रश्नाला त्यांना उत्तर द्यावंच लागतं.

पोरीचा_बाप · मंगळवार, रात्री ८.१५

माझी मुलगी पण खेळते, आर्वीकडं. मी तिला सांगून ठेवलं आहे, कोणी आडवं आलं तर खांदा घालून पुढं जा. बरोबर सांगितलं ना?

शॉर्टस्टॉप_ताई · मंगळवार, रात्री ८.३२

दादा, अजिबात नाही! समोरचीच्या हातात चेंडू असेल आणि तुमची मुलगी उभ्यानं तिच्यावर जाऊन आदळली, तर तुमचीच मुलगी आऊट. मुद्दाम, इजा होईल असं केलं तर मैदानाबाहेर. घसरायचं किंवा वळसा घालायचा.

आणि एक. समोरची चेंडू अडवायला वाकलेली असेल, म्हणजे बॅटवरून आलेला चेंडू, तर रस्ता तिचा. तिथं रनरनं बाजूला व्हायचं, नाहीतर तो इंटरफिअरन्स आणि रनर आऊट. मराठीत आपण दोन्हीला अडथळाच म्हणतो, म्हणून गोंधळ. फिल्डरनं रनरला अडवलं ते ऑब्स्ट्रक्शन, रनरनं फिल्डरला अडवलं ते इंटरफिअरन्स. एकात बेस मिळते, दुसऱ्यात जीव जातो.

पाटीवरचा_गडी · मंगळवार, रात्री ९.००

म्हणजे असं का, मारलेला चेंडू असंन तं रस्ता फिल्डरचा, फेकलेला असंन तं हातात येईपर्यंत रस्ता रनरचा? हे समजलं बावा. पहिल्यापासून असं एका ओळीत सांगाचं ना.

वावरातला_मास्तर · बुधवार, रात्री १०.०५

मंडळी, आज एका पालकाच्या मोबाइलमध्ये त्या खेळाचा व्हिडिओ सापडला. लिंबाच्या झाडाखालून काढलेला, हलतो, पण दिसतं. दहा-बारा वेळा पाहिला. मग पोट्टीला बोलावून दोघांनी मिळून पाहिला.

धक्का लागतो. ती झोकांडते, एक पाऊल जातं, फार तर दीड. मग ती थांबते. हे मी त्या दिवशी पाहिलंच नव्हतं, कारण मी फर्स्ट बेसवालीकडं पाहून ओरडत होतो. ती पहिली आणि दुसरीच्या मधात उभी राहते, अंपायरकडं तोंड करते आणि दोन्ही हात वर करते, जसं वर्गात "सर, हिनं माझी पेन्सिल घेतली" सांगतात तसं. अंपायरचा डावा हात तेव्हा बाहेरच आहे, मूठ बंद. तो तिच्या समोरच आहे आणि तिला तो दिसतोय. मग तिच्या लक्षात येतं की चेंडू परत येतोय, आणि ती पळते. त्या थांबण्यात तीन पावलं गेली असतील, चार असतील.

पोट्टीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "सर, मले वाटलं सांगितल्याशिवाय ते देत नाईत." तिचं काय चुकलं? मीच कधी तिला तो हात दाखवला नव्हता. आमच्या सरावात मीच अंपायर, आणि मी तर शिट्टी फुंकून थांबवतो.

पंचकाका, तुमच्या त्या मित्राला, म्हणजे त्या अंपायरला, मी मनात बरंच बोललो होतो. त्यांनी दीड पाऊल धरलं असेल तर दुसरी बेसच बरोबर वाटते.

पंच_काका · बुधवार, रात्री १०.३०

माझे मित्र नाहीत, ओळखतही नाही. पण असलेच तर सांगतो.

शॉर्टस्टॉप_ताई · गुरुवार, सकाळी ६.५०

मास्तर, सरावाला एक युक्ती. एक मुलगी अंपायर करा. ती मधेच केव्हाही डावा हात बाहेर काढेल आणि रनरनं तो दिसला की अजून जोरात पळायचं. आमच्या कोचनं आम्हाला तसंच शिकवलं. हात दिसला की निदान त्या टापूत आऊट नाही, मग मागं वळून कशाला पाहायचं? फक्त एक लक्षात ठेवा, अडवलं म्हणून बेस शिवायची सुटी मिळत नाही. बेस चुकली आणि समोरच्यांनी अपील केलं तर आऊटच.

आणि तुमच्या फर्स्ट बेसवालीलाही शिकवा. चेंडू आउटफिल्डला गेला की बेसच्या आत नाही, बाहेर सरकायचं. आट्यापाट्यावाले काका, तुम्ही रागावू नका.

पाटीवरचा_गडी · गुरुवार, सकाळी ७.३०

कायचा राग. माही नात फर्स्ट बेसच खेळते. आजच सांगतो तिले, पाटी सोडाची.

वावरातला_मास्तर · गुरुवार, सायंकाळी ७.४५

आज केला सराव. अंपायर म्हणून त्या पोट्टीलाच उभं केलं. तिनं इतक्या वेळा हात बाहेर काढला की शेवटी सगळ्या रनर नुसत्याच पळत होत्या, चेंडू कुठं आहे ते कोणी पाहतच नव्हतं. ते उद्या सुधरवतो.

एक नवा प्रश्न आला. घसरताना दुसऱ्या बेसचं पोतं चार फूट सरकलं आणि मागून येणारी दुसरी पोट्टी बेस शोधत राहिली. तिनं पोत्याच्या मागं धावायचं की जागेवर?

पंच_काका · गुरुवार, रात्री ९.१०

जागेवर. जिनं पोतं सरकवलं तिला, आणि त्याच खेळात मागून येणारीलाही, चार फूट सरकलेल्या बेसच्या मागं धावायची सक्ती नाही. पण मास्तर, पोत्याला चार खुंट्या ठोका.